बॉनेटचे दोन बोल्ट

राज्यपुनर्रचनेच्या दिवसांत मी जुनी मोटार घेतली तेव्हा तिच्या बॉनेटचे दोन बोल्ट गायब होते. पांढुर्ण्यात मिस्त्री एकच. रिकाम्या भोकात करंगळी घालून, डोळे मिटून तो माप सांगायचा, "तीन सूत." माप कधी चुकायचं नाही, फक्त बोल्ट बसायचा नाही. तूर्त त्याने संत्र्याच्या पेटीची सुतळी बांधून दिली.

"बोल्ट नागपूरहून आनायचा का दुसरीकडून, ते ठरू द्या ना वकीलसाहेब. आपन कोनत्या राज्यात जातो, ते सरकारच अजून पाहून राहिलं."

नागपूरची रेल्वेगाडी त्याच्या दुकानामागून रोज जात होती. सौंसरच्या कोर्टाला जाताना माझं बॉनेट दोनदा उघडून काचेवर आदळलं. दोन्ही वेळा त्याने नवी सुतळी बांधली आणि मलाच धीर दिला.

शेवटी राज्यांचा निकाल लागला. नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं, आम्ही इकडेच राहिलो; आमची राजधानी आता भोपाळ. दुसऱ्याच दिवशी मी मोटार त्याच्या दारात उभी केली. त्याने करंगळी घातली, डोळे मिटले आणि या वेळी बराच वेळ उघडलेच नाहीत.

"नागपूर परकं झालं," तो म्हणाला, "अन् भोपाळ कोनं पाहिलं?"

मग सुतळी कापून त्याने बैलगाडीचा जाड दोर करकचून आवळला आणि बॉनेटवर थाप मारली.

"घ्या. आता परमनंट."