वरचं बटण
सुक्या बोंबलांचा वास आला की वर्सोव्यातली ती दुपार आठवते. माझ्या मैत्रिणीच्या आईचा सुक्या मासळीचा धंदा होता, त्यासाठी मी वेबसाइट बनवत होतो. एकाच पानावर दोन फॉर्म होते, वर ऑर्डरचा, खाली निरोपाचा, आणि दोन्हींची बटणं वेगळी. बाहेर बांबूंवर बोंबील वाळत होते, तिची आई कावळे हाकत होती. "तू एकदा भरून बघ ना," मी मैत्रिणीला म्हटलं. तिने वरच्या फॉर्ममध्ये अर्धा किलो बोंबील टाकले. मग खाली बराच वेळ काहीतरी लिहीत बसली, मध्येच माझ्याकडे बघत, मला स्क्रीन दिसू न देता. शेवटी बटण दाबलं, पण वरचं. माझ्या फोनवर ऑर्डर आली आणि तिच्यासमोरचं पान नव्याने उघडलं, खालची चौकट कोरी. "अरे, माझं लिहिलेलं कुठे गेलं?" "वरचं बटण फक्त वरचंच पाठवतं गं. काय लिहिलेलंस? परत लिही ना." ती त्या कोऱ्या चौकटीकडे बघत राहिली. "जाऊ दे रे. टेस्टिंगच होतं ना." महिन्याभराने तिच्या लग्नाची पत्रिका आली. आता मी बनवलेल्या कुठल्याच पानावर, कुठलंही बटण दाबलं तरी, कोणाचं लिहिलेलं पुसलं जात नाही.