शेवंतीतला किडा आणि माझ्या आत्याची बाग

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. अमेरिकेत लढाई पेटली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्याच्या तिसऱ्या वर्षी, अश्विनातल्या अष्टमीला, सकाळची फुलं तोडून व्हायच्या आत. वेळेसकट लिहितो, कारण कचेरीतले लोक हल्ली म्हणतात, असं काही झाल्याचं स्मरत नाही. मला स्मरतं.

आत्याची बाग अमरावतीच्या वेशीबाहेर, बडनेऱ्याच्या वाटेला होती. एक विहीर, तिच्यावर मोट, आणि त्या पाण्यावर शेवंती, झेंडू, थोडे गुलाब. नवरा गेल्यावर बाग तिने एकटीने राखली. माझी आई मी रांगत असतानाच गेली, म्हणून मीही तिच्याच पदराखाली वाढलो. भोवतीचे लोक ज्वारी मोडून कपाशी पेरत होते आणि जाता-येता तिला टोचत होते.

"फुलं कोन खाते व बाई? कापूस लाव, कापूस!"

"अन् कापूस कोन खाते रे?" ती म्हणायची. "तुही बायको शिजवते का त्याची भाजी?"

पहाटे ती फुलं तोडी. प्रत्येक फूल उलटं धरून मनगटावर झटकायची आणि मगच टोपलीत टाकायची. झटकलं की आतून बारके किडे पडत. "उतरा पाहुणे, गाव आलं," असं त्यांना म्हणायची. ही आम्हा माळ्यांची रीतच आहे. किड्याने पराग चाटला की फूल उष्टं झालं, आणि देवाला उष्टं चालत नाही. म्हणून फूल झटकायचं, आणि गिऱ्हाइकाला शपथेवर सांगायचं की आमच्या फुलात किडा शिरतच नाही. सगळ्या माळणी असंच सांगत. घेणाऱ्यांनाही खरं काय ते माहीत असे. कोणी कोणाला खोटं पाडत नसे.

त्या पावसाळ्यात कापसाच्या देखरेखीवर आलेला एक गोरा साहेब पाणी प्यायला विहिरीवर थांबला. त्याला किड्यांचा भारी नाद. आत्याच्या मनगटावरून एक किडा घरंगळताना त्याने पाहिला आणि पाण्याचं भांडं तसंच ठेवून भिंग काढलं. पाहता पाहता तो लहान पोरासारखा ओरडला, "नया है! बिलकुल नया है!"

आम्हाला काही कळेना. सोबतच्या कारकुनाने समजावलं, हा किडा आजवर कोणत्याच पुस्तकात लिहिलेला नाही, साहेब आता तो लिहिणार. आत्याला हसू आवरेना. "रोजच्या पाहुन्याले आज वळखलं म्हनाव सायबानं."

साहेबाने भिंग तिच्या हातात दिलं. तिने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. "बाप्पा! दाढीले पिवळं फासून राह्यला, हळद लागल्यावानी," म्हणाली. तिला इतकं खूश मी फार कमी वेळा पाहिलं होतं.

मग साहेब रोज येऊ लागला. त्याने लिहिलेलं वर्णन कारकुनाने आम्हाला मराठीत सांगितलं: लांबी ज्वारीच्या दाण्याच्या निम्मी. रंग जुन्या गुळाचा. अंगावर बारीक लव. पंखांवरचं कवच आखूड, त्यामुळे मागचं टोक उघडं राहतं. शिंगांची टोकं गाठ मारल्यासारखी जाड. फुलात राहतो, पराग खातो. या वर्णनात एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त शेवटची ओळ, हा किडा कुठे कुठे राहतो ती, साहेबाने रिकामी ठेवली होती.

भादव्यात ढग हटेनात. आत्याच्या बांधाला लागून एका मोठ्या कास्तकाराची कपाशी होती, तिच्या पात्या गळायला लागल्या. पात्या म्हणजे कपाशीच्या कळ्या. त्या गळाल्या की बोंड नाही, बोंड नाही तर कापूस नाही. ढगाळ हवेत त्या गळतात हे आमच्याकडे सगळे जाणतात, पण त्या वर्षी कापसाने लोकांची डोकी फिरवली होती. कास्तकार कचेरीत गेला आणि म्हणाला, बाजूच्या बागेत साहेबाला नवा किडा सापडला, त्यानेच माझा कापूस खाल्ला.

कचेरीने साहेबाला विचारलं. तो म्हणाला, मला माहीत नाही, हा किडा आणखी कुठे राहतो ते आधी पाहिलं पाहिजे. मग अमरावतीच्या आणि अकोल्याच्या फुलबाजारात शिपाई पाठवले. मी तोवर अकोल्याला शिळाप्रेसवर पत्रकं लिहिण्या-छापण्याच्या कामाला लागलो होतो. शिपाई माझ्यादेखत एका म्हाताऱ्या माळणीसमोर उभा राहिला. कशासाठी विचारतोय ते तिलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

"बाई, फुलात किडा असतो का?"

"किडा? माह्या फुलात? डोळे तपासून घे बाबू! देवीले वाहाचे फुलं हायेत हे!"

त्याने टोपल्या उपसल्या. फुलं पहाटेच झटकलेली, किडा सापडणार कुठून? दोन्ही गावांत सगळ्यांनी हेच सांगितलं. ‘हाये ना, रोजचेच हायेत,’ असं सांगणारी एकच निघाली, माझी आत्या. साहेबासमोर किडे पडले होते, तिने लपवायचं काय? साहेबाने शेवटची ओळ भरली: अमरावतीजवळच्या एका फुलबागेत राहतो, अन्यत्र आढळत नाही. आणि तो दौऱ्यावर निघून गेला.

कचेरीला तेवढी ओळ पुरली.

अष्टमीला कचेरीची माणसं विळे आणि गोवऱ्या घेऊन आली. नवरात्रासाठी मी घरी आलो होतो. आत्या टोपली कमरेवर घेऊन मधे उभी राहिली.

"अंबादेवीचे फुलं तं तोडू द्या. मंग काय करा लागते ते करा."

"एक फूल बाहेर जायचं नाही," अंमलदार म्हणाला. "रोग पसरेल."

"मालक, रोग नाई हा. साऱ्यायच्याच फुलात रायते."

"साऱ्यांच्या म्हणजे कोणाच्या? नावं सांग. तिथेही जाऊन पाहतो."

आत्याने तोंड उघडलं आणि मिटलं. तिला एकूण एक बाग ठाऊक होती. नाव घेतलं असतं तर विळे तिकडे गेले असते, आणि ऐन अष्टमीला त्या बाईची फुलं उष्टी ठरली असती. ती बाजूला झाली. ओली शेवंती पेटेना, नुसता धूर येत राहिला. तो तिने शेवटपर्यंत पाहिला.

दुसऱ्या दिवसापासून मी अमरावतीतल्या माळणींच्या दारी फिरलो. खरं काय ते कचेरीत सांगा, असं विनवलं. एकीने दारातच उत्तर दिलं, "तुह्या आत्याले कोनं सांगतलं होतं तोंड उघडाले? आता आमच्याबी बागा जाळतं का रे?" तिच्या टोपलीत माझ्यासमोर तो किडा चालत होता. तिने तो चिरडला आणि हात पदराला पुसला.

घरी येऊन मी आत्याला संतापाने विचारलं, "काहून सांगतलं तू? बाकीच्या कशा गप बसल्या?"

"खरं होतं म्हून सांगतलं," ती म्हणाली. "भिंगातून पाह्यलं होतं ना मी त्याले."

कचेरीने बाग पड म्हणून नोंदली, आणि ती पड जमीन त्याच कास्तकाराला कपाशीसाठी दिली. पुढल्या भादव्यात ढग आले. जिथे शेवंतीचं एक रोप उरलं नव्हतं तिथेही पात्या गळाल्या. या खेपेला कास्तकार कचेरीत गेला नाही. साहेबाची बदली झाली. वर्णन विलायतेत छापून आल्याचं कारकून सांगतो, त्या शेवटच्या ओळीसकट.

आत्या आता परक्याच्या पडवीत रेचा फिरवते, कापसातून सरकी काढते. रुईची तूस छातीत बसून तिला खोकला लागला आहे. बडनेऱ्याच्या वाटेने ती जात नाही, लांबचा फेरा घेते. सणाला मी शेवंतीची वेणी आणली तर म्हणाली, "पोरीबाळीले दे." मी पत्रकं लिहिणारा माणूस, म्हणून हे पत्रक लिहायला बसलो.

माझा अर्ज कचेरीत पडून आहे. उत्तर एकच मिळतं: हा किडा दुसरीकडे असल्याचं कोणी सांगितलेलं नाही. तेव्हा वाचणाऱ्या, हळहळून हा कागद घडी घालून ठेवू नकोस. तू अमरावतीत किंवा अकोल्यात फुलं पिकवत असशील, विकत असशील, नाहीतर रोज विकत घेत असशील, तर कचेरीत ये आणि अंमलदाराच्या तोंडावर सांग, की हा किडा आमच्याही फुलात आहे, आधीही होता, आणि त्या बाईची बाग तिला परत द्या. एकटं यायला भीती वाटत असेल तर चौघं मिळून या. पण ती खोकते आहे, तेव्हा लवकर या.