हं, असा आरोप आहे

‘आरोप’ शब्द आला की तो आधी घशातून बारीकसा ‘हं’ काढायचा, मगच पुढे जायचा. नारायणगावात आमचं मोबाईलवर बातम्या देणारं छोटं चॅनेल होतं. बातम्या मी लिहायचो, वाचायचा तो. टोमॅटोचे भाव, बिबट्याची खबर, निधनवार्ता, सगळं त्याच्याच आवाजात. मी कुणाची बाजू घेतलेली दिसली की तो पेन उपसायचा. “राव, आपण कोण ठरवणारं? दोनी बाजू लिवा.”

त्याच्या घरीही तेच. “भाजी खारट झालीय, हं, असा आरोप आहे,” म्हणायचा आणि वहिनी लाटणं उगारायच्या. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. त्याचा रागही येतो आणि त्याच्यावाचून करमतही नाही.

मग ती बातमी आली. दोन मोठे देश भांडत होते. फोनला माणसासारखं बोलायला लावायचं तंत्र तुम्ही आमचं चोरलंत, असं एक म्हणत होता. दुसरा म्हणत होता, चोर तुम्हीच. दोघांनी आपापल्या यंत्राचे नमुने जाहीर केले होते, त्यात मराठीही होते. मी ते लावले. तो समोर चहाचा कप धरून बसला होता, तोंड मिटलेलं, आणि फोनमधून तोच बोलत होता. ‘आरोप’च्या आधीच्या ‘हं’सकट. दोन्ही नमुन्यांत.

मी नमुना थांबवला. “भाऊ, ह्यो तर तुझा आवाज! आपल्याच बातम्या उचलल्यात दोघांनी!”

त्यानं पुन्हा पुन्हा ऐकलं. “बातमी लिवा,” म्हणाला. “त्यांचं म्हणणं, यांचं म्हणणं. सिद्ध काय झाल्यालं न्हाई.”

आवाज आमच्या निवेदकाचा आहे, असं एक वाक्य मी शेवटी घातलं. त्यानं ते खोडलं. “आपलीच साक्ष आपण द्यायची व्हय? दुसऱ्या कुणी म्हटलं तर गोष्ट येगळी.” बातमी त्यानं नेहमीसारखी वाचली. पण ते दुसरं कुणी कधी आलंच नाही.

हळूहळू त्याचं बोलणं आटलं. वहिनींना म्हणाला, “मी बोललो का फोनची नक्कल केल्यागत वाटतं गं.” मग एका पहाटे तो झोपेतच गेला. मला अजूनही ते खरं वाटत नाही.

डिंगोऱ्याला, त्याच्या गावी, नदीकाठी दहावा होता. पिंड मांडला. झाडावर कावळे दाटीनं बसले होते, पण एकही ओरडेना, एकही खाली उतरेना. त्याच्या सख्ख्या भावानं त्याच्या पोरीच्या शिक्षणाचा शब्द दिला. वहिनी म्हणाल्या, “तुमची बाग इकणार नाय.” कावळे नुसते बघत राहिले. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

मी हात जोडले. “भाऊ, त्यो आवाज तुझाच व्हता. दोनी देशांत तूच बोलत व्हतास. मी म्हणतोय ना, तुझाच.”

एक कावळा उतरला आणि त्यानं पिंडाला चोच लावली. सगळ्यांनी श्वास सोडला. तेवढ्यात मागं कुणाच्या तरी खिशातला फोन आपसूक त्याच आवाजात बातम्या वाचू लागला.

“हं, असा आरोप आहे.”

वहिनींनी पदर सावरत मागे वळून पाहिलं.