गल्ल्याला लागलेला दाराचा रंग

निलंग्याच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हा मायनं टॉवेलात गुंडाळलेला गल्ला माझ्या पिशवीत घातला. लोखंडी, बंगल्याच्या आकाराचा, छपरात नाणं टाकायची फट. आजोबांनी कधीतरी उदगीरच्या बाजारातून आणलेला. "दिवाळीला रंग दे बरं, लोखंड हाय," एवढंच ती म्हणाली. आमच्याकडं रीतच होती, दाराला रंग दिला की उरलेला गल्ल्याला. मोठ्या घराला जो, तोच छोट्याला.

आठवीत शाळा सुटलेल्या मला कोचीत जुन्या वस्तूंच्या दुकानात काम मिळालं. मालकांना सगळे चेट्टा म्हणतात, म्हणजे मोठा भाऊ. त्यांनी झोपायला जागा दिली, पितळ उजळायला शिकवलं. ते उपकार फिटायचे नाहीत. गल्ला बघून म्हणाले, लई जुना दिसतो, विलायती असेल. वरचे रंग काढ, खालचा खरा निघेल, मग दर्शनी कपाटात ठेवू. "पण तुझा आहे, तू ठरव." हुकूम सोडला असता तर सोपं गेलं असतं.

भीत भीत एक कोपरा खरवडला. हिरवा गेला, खाली निळा, ताईच्या लग्नातला. त्याखाली गुलाबी. तो वडिलांनी स्वस्तात आणलेला, गल्लीतले विचारायचे, "घर हाय का बर्फाचा गोळा?" आणि सगळ्यात खाली तांबडी भिंत, खिडकीभोवती बारीक सोनेरी रेघ. हात थांबला.

मायला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी इतकी वर्सं आपणच खराब केला का रे?"

चेट्टांना विचारलं. ते म्हणाले, अरे, त्या रंगांखाली होती म्हणून तर रेघ टिकली. तेच मायला सांगितलं.

"हाव का?" तिचा आवाज मोकळा झाला. "मग औंदा दाराला कंचा देऊ?"

तोंडातून निघून गेलं, "गुलाबी."

"गल्ली पुन्हा हसंल बघ. हसू दे. तुझ्यापुरता डब्यात राखून ठेवते."

आता तो डबा येईल. सोनेरी रेघ झाकू, की सगळंच खरवडू? गावात राहिलेल्यांनो, माझ्यासारखं लांब गेलेल्यांनो, तुम्हाला तरी कळतं का घर कुठल्या थरात असतं? मला न्हाई कळत. इथली हवा खारी, खरवडलेलं लोखंड लगेच गंजतं. म्हणून दुकान उघडलं की आधी त्या कोपऱ्यावर तेलाचं बोट फिरवतो.