छत्री धरायला आलेले बिशप

विरारला गाडीतून उतरले तेव्हा माझ्या एका हातात कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात आमचुराची (कैरीच्या वाळवलेल्या फोडींची) गोणी. गोणी लहानच, पण तिचा वास मोठा. नंदुरबारपासून डब्यातल्या मंडळींनी मला ऐसपैस बसू दिलं, त्याचं श्रेय माझ्या वयाला नव्हे, गोणीला.

मी मालती, धडगावकडच्या आश्रमशाळेतली निवृत्त शिक्षिका. निघाले होते फादर पास्कल यांना भेटायला. लोक त्यांना बिशप म्हणतात, पण सातपुड्यात ते आले तेव्हा तरुण फादर होते आणि माझ्यासाठी फादरच राहिले. वसईच्या केळीच्या वाडीत वाढलेल्या या माणसाने आमच्या डोंगरातली पावरी बोली शिकून तिचं पहिलीचं पुस्तक केलं, मग शब्दकोश केला. मी शहाद्याची, शाळेत रुजू झाले तेव्हा पोरांचं एक अक्षर कळत नव्हतं. मला माझ्याच विद्यार्थ्यांशी बोलायला शिकवलं ते फादरांच्या पुस्तकाने. पुढे ते बिशप झाले आणि आता वय झाल्यावर गावी, म्हाताऱ्या धर्मगुरूंच्या निवासात येऊन राहिले होते. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "बाई, भाचीच्या मुलीचं लग्न आहे. जमलं तर या. माझ्या बाजूचं एक माणूस असलेलं बरं." बिशपांना आपल्या बाजूचं माणूस कशाला लागतं, हे काही मला उमजलं नाही.

रिक्षावाला चंदनसारचा होता. "बिशप ना? टेन्शन नका घेऊ मॅडम, डायरेक्ट चर्चला सोडतो," म्हणाला आणि खरंच सोडून निघून गेला. चर्च देखणं होतं, फक्त भलतंच होतं. या भागात गावागणिक चर्च आणि वळणावळणावर क्रूस, हे त्याला माहीत असणार, पण मला कुठे ठाऊक! कुंपणापाशी तांबडं लुगडं नेसलेली एक आजी भाजी घेऊन बसली होती. तिला विचारलं.

"कोन, पास्कू? कतरीनबायचा भाव? तो फुडल्या गावचा गो बाय." तिने माझ्या गोणीकडे पाहून नाक मुरडलं. "तिच्या घरी जा, तो तटेच बसलेला असते. पन तिच्यासमोर त्याचं नाव काढू नको हां."

पुढच्या गावापर्यंत चालत गेले. जानेवारीचं कोवळं ऊन, दोन्ही बाजूंना केळी, मधूनच एखादी विहीर आणि तिच्या पाटाचं झुळझुळ पाणी. मुंबई एवढ्या जवळ असून इथे कोंबडा आरवलेला ऐकू येतो, याचं मला फार अप्रूप वाटलं. काही वाड्यांच्या मागून मात्र उंच इमारती डोकावत होत्या.

कतरीनबायच्या ओट्यावर फादर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. अंगात अर्ध्या बाह्यांचा जुना सदरा, बोटात तेवढी बिशपांची अंगठी. मला पाहून ते इतके हसले की शेंगा मांडीवरून सांडल्या. दारात त्यांची थोरली बहीण उभी होती. लहानखुरी, ताठ, पदर खोचलेली.

"ये बाय, बस. पानी पी," ती मला म्हणाली. मग माझ्याकडेच बघत पुढे म्हणाली, "आनि त्या बिशपसाहेबांना विचार, चाय पेतात काय."

बिशपसाहेब हाताच्या अंतरावर बसले होते. मी मुकाट्याने विचारलं. ते म्हणाले, हो. मी ते आत कळवलं. चहा आला तोही माझ्याच हातात दोन कप देऊन.

दुपारी जेवणं झाली. त्यानंतर सुकेळी (पिकलेली केळी सोलून, उन्हात वाळवून पानात बांधलेली) खाताना फादरांनी मला वाडीत नेऊन सगळं सांगितलं. त्यांच्या घराण्यात लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत नवरीला घेऊन विहिरीवर जातात. त्याला 'उंबराचं पानी' म्हणतात. जाताना नवरीच्या डोक्यावर छत्री धरायची ती मामाने. कतरीनबायच्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नात ती धरायला फादर येणार होते, तसा शब्द दिला होता. नेमकी तेव्हाच डोंगरात पटकीची साथ आली. माणसं उलट्या-जुलाबांनी तडफडत होती आणि औषधपाणी करणारे हेच. निरोपही लग्न होऊन गेल्यावर पोचला. छत्री शेजारच्या बावतिसने धरली.

"कतरीन विहिरीपर्यंत रडत गेली म्हणे," फादर म्हणाले. "तेव्हापासून माझ्याशी थेट बोललेली नाही. मी बिशप झालो तेव्हा सगळं गाव गाड्या करून आलं. ती नाही आली."

"पण तुम्ही तिथे थांबलात ते चूक का होतं?"

"चूक नव्हतं. आजही थांबेन. पण तिचा भाऊ आला नाही, हेही खरंच ना?" त्यांनी सुकेळीचं पान घडी करून खिशात ठेवलं. "आता तिची नात, रिया. तिच्या आईला भाऊ नाही, म्हणजे मामा मीच. पण छत्रीचं मला कोणी विचारलेलं नाही. मला एकदा तिच्या तोंडून माझी हाक ऐकायची आहे बाई. तेवढ्यासाठी गावी आलो."

"मग मागून घ्या की छत्री!"

"शब्द मागायचा नसतो," ते म्हणाले.

हे मला चांगलं ठाऊक होतं. आमच्या डोंगरात त्यांनी कुणाला 'याला काय म्हणतात' असं कधी विचारलं नाही. लोकांबरोबर कुडाच्या भिंती सारवायचे, मोहाची फुलं वेचायचे, आणि शब्द आपसूक येईपर्यंत थांबायचे. शेंगा सोलणं हे तेच चाललं होतं. त्यांच्या या धीराचं मला आयुष्यभर कौतुक वाटत आलं, पण त्या दिवशी मात्र राग आला. "फादर, इथे तुम्ही कोश करायला आलेले नाही आहात," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मांडवात पाहते तर गावकऱ्यांनी तांबड्या मखमलीची खुर्ची मांडून ठेवलेली. फादर झगा घालून, छातीवर क्रूस लावून आले होते. तसंच या, असा चर्चमधल्या मंडळींचा आग्रह होता. त्यांना खुर्चीत बसवलं, गळ्यात हार घातला आणि लोक रांगेने येऊन अंगठीचं चुंबन घेऊ लागले. त्या बिचाऱ्यांना वाटत होतं, आपण केवढा मान देतोय. बिशपांच्या हाती छत्री द्यावी हे कुणाच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. जरीची किनार लावलेली छत्री घेऊन म्हातारा बावतिस पुन्हा तयार उभा होता. कतरीनबाय एकदा खुर्चीकडे बघून तोंड फिरवून उभी राहिली.

बँड सुरू झाला. रिया हिरव्या साडीत बाहेर आली, बायकांनी कळश्या उचलल्या आणि गाणं धरलं. फादर खुर्चीतच होते. मला वाटलं, गेली ही वेळही.

तेवढ्यात ते उठले. गळ्यातला हार काढला, क्रूस काढला, अंगठी ओढून काढली आणि सगळं माझ्या ओंजळीत ठेवलं. "सांभाळा," म्हणाले. मी ते गडबडीने पर्समध्ये कोंबलं. त्यात आमचुराची पुडी होती, हे नंतर आठवलं. झग्याच्या बाह्या वर सारत ते बावतिसपुढे जाऊन उभे राहिले.

"बावतिस, त्या वेळी माझं काम तू केलंस. फार उपकार झाले. आता दे."

बावतिस गांगरला. बिशपांना छत्री द्यावी तरी पंचाईत, न द्यावी तरी पंचाईत. त्याने कतरीनबायकडे पाहिलं. बँडवालेही थांबले. ती बोलली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. कळशी कमरेवर घेतली आणि चालू लागली. रियाने स्वतःच बावतिसच्या हातातून छत्री घेऊन फादरांना दिली.

मिरवणूक निघाली. फादर रियाच्या मागून, ऐंशीकडे झुकलेले, झगा पायात येतोय. वाटेवरच्या केळीचं पान छत्रीला अडकलं आणि छत्री पार कलली. पुढे चाललेली कतरीनबाय गर्रकन वळली.

"पास्कू! कटे बघते तू? छत्री नीट धर. पोरीच्या डोक्यावर ऊन येते!"

"धरतो गो बाय," फादर म्हणाले. त्यांनी दोन्ही हातांनी छत्री सरळ केली. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तसेच चालत राहिले. मी मात्र पदराने सगळा चेहरा पुसून घेतला.

विहिरीपासून परत येईपर्यंत तिची टकळी चालूच होती. हळू चाल, दांडा असा धर, झगा घालून कोन येते पान्याला. संध्याकाळी पंगतीत तिने त्यांच्या पानात वडे वाढले आणि कमी खातो म्हणून आणखी झापलं. मी अंगठी आणि क्रूस परत करायला गेले तर ते म्हणाले, "उद्या चर्चमध्ये लग्नाच्या मिस्सेला लागतील. आज राहू द्या."

सकाळी लग्नाची मिस्सा त्यांनीच केली. लागलीच मी परतीची गाडी धरली. पावरीतले हजारो शब्द गोळा केलेला हा माणूस स्वतःच्या नावाच्या एका हाकेसाठी ओट्यावर शेंगा सोलत बसतो, हे आठवून वाटभर मन भरून येत होतं. घरी गेल्यावर डोंगरातली माणसं विचारतील, आपले बिशप तिथे करतात तरी काय? मी सांगणार आहे, थोरल्या बहिणीची बोलणी खातात, आणि अगदी सुखात आहेत.