मेलेल्यांचे कैवारी

मेलेल्या माणसाकडे बघून मोकळेपणानं हसणारा गृहस्थ अख्ख्या मुळशी तालुक्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. दुसऱ्या कुणाचा असता तर मीही कौतुक केलं असतं. पण माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीनं त्यांच्या गळ्यात माळ घातली, त्या दिवसापासून त्या हसण्याची निम्मी जबाबदारी माझ्यावर येऊन पडली आहे आणि ती निभावताना माझं रक्त आटलं आहे. हे सगळं मी रागानं लिहितो आहे, ते आधीच सांगून टाकतो. माझ्या वडिलांच्या दहाव्याला, भरल्या घाटावर, या माणसानं जे केलं त्याला आता दीड वर्ष झालं. राग उतरलेला नाही. उतरावा अशी माझी फारशी इच्छाही नाही.

माझी बाजू कळायला हवी असेल तर आमच्याकडचा दहावा ठाऊक असायला हवा. मी कासार आंबोलीचा, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला. आमच्या भागात दहावा म्हणजे नुसतं मुंडण आणि पिंडदान नसतं. नदीच्या घाटावर मांडव घालतात, खुर्च्या मांडतात, महाराजांचं प्रवचन होतं आणि मग माईक सुरू होतो. आजी सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन आणि येत्या निवडणुकीत उभं राहायची खाज असलेले सगळे ओळीनं श्रद्धांजली वाहतात. कावळा येतो, पिंडाला शिवतो, पोटभर खाऊन उडूनही जातो, तरी भाषणं चालूच असतात. या भाषणांचं निवेदन बावीस वर्षं माझ्याकडे आहे. ‘त्यांच्या जाण्यानं कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे’ हे वाक्य पौडपासून पिरंगुटापर्यंत माझ्या आवाजात लोकांना पाठ आहे. मला त्याचा अभिमान होता. साडूंना त्याचं हसू येत असे.

साडू नांद्याचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी हिंजवडीच्या कंपन्यांची बस चालवली, म्हणजे खरं तर ती गाड्यांच्या रांगेत उभी करून ठेवली. पुढं घरामागच्या वावरात त्यांनी खोल्या बांधल्या आणि त्या कंपनीतल्या मुलांना भाड्यानं दिल्या. त्यांतला एक भाडेकरू जाताना एक हार्ड डिस्क विसरून गेला. ती परत करायला म्हणून साडूंनी तीत काय आहे ते टीव्हीला जोडून पाहिलं, आणि तिथून पुढं त्यांच्या संसाराची जी दिशा बदलली ती बदललीच. डिस्कमध्ये देशोदेशीचे सिनेमे होते आणि सगळे एकाच जातीचे. कुणीतरी मरतं, कुणीतरी अर्धवट शहाणा त्याला इंजेक्शन देऊन किंवा विजेचा झटका देऊन उठवतो, आणि उठलेला मुडदा घरभर असा काही गोंधळ घालतो की बघणाऱ्याला घाबरावं की हसावं ते कळत नाही. साडूंना ते पहिल्या दिवसापासून कळलं होतं. दर रविवारी, जेवण आटपलं की खिडक्यांना गोणपाट लावून ते हे सिनेमे बघत आले आहेत. एकेक सिनेमा वीस-वीस वेळा पाहिलाय.

भुताचे सिनेमे त्यांना चालत नाहीत. एकदा मी मोठ्या हौसेनं एका भुताच्या सिनेमाचं नाव सुचवलं, तर अडाण्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. भुताला अंग नसतं, असं त्यांचं म्हणणं. मुडद्याला अंग असतं, त्याला ठेच लागते, खाज सुटते, त्याचा सदरा आखूड होतो. आणि उठल्याबरोबर मुडद्याला राग आला पाहिजे, हा त्यांचा मुख्य नियम. शांतपणे उठून बायकोकडे प्रेमानं बघणारा मुडदा निघाला की ते तिथंच सिनेमा बंद करतात. न विचारता जाळायला काढलेल्या माणसाला राग येणार नाही तर काय येईल, असा त्यांचा बिनतोड सवाल असतो. या सगळ्यात एवढं हसण्यासारखं काय आहे, असं मी एकदा वैतागून विचारलं होतं. तेव्हा ते म्हणाले, “गुर्जी, आत्ता हीच माणसं छाती बडवून रडत हुती. त्यो उठून बसला तर आता हीच पळत्यात. मंग रडत हुती कुनासाठी?” यावर मला उत्तर सुचलं नाही. पण उत्तर सुचत नाही म्हणून माणसाचा राग कमी होत नाही, उलट वाढतोच.

सिनेमे परक्या भाषांतले, आणि खालच्या इंग्रजी ओळी साडूंची नजर पोचण्याआधीच पळून जायच्या. म्हणून मुडद्यांचे संवाद ते स्वतः बोलू लागले. पडद्यावर एखादा गोरा साहेब शवपेटीतून उठून काहीतरी गुरगुरतो आणि साडू कोचावरून ओरडतात, “माजी चप्पल कुनी न्हेली?” त्यांच्या पोरीला बघायला पाहुणे आले तेव्हाही असाच एक मुडदा अर्ध्यावर उठलेला होता. मेहुणीनं डोळे वटारले, मी रिमोट शोधायला लागलो, तर साडू म्हणाले, पाच मिनिटं ऱ्हायलीत, बसा. मुलाच्या वडिलांनी पाच मिनिटं बघितलं आणि नंतर तेही एका मुडद्याच्या वतीनं बोलू लागले. लग्न तिथंच ठरलं. मला मात्र घरी जाईपर्यंत घाम सुटला होता, आणि त्याबद्दल आजवर मला कुणी विचारलेलंही नाही.

बरं, हे वेड टीव्हीपुरतं राहिलं असतं तर मी काही बोललो नसतो. त्यांच्या घरी दुपारचा डोळा लागावा तर जाग येते तेव्हा हे उशाशी उभे असतात आणि मोठ्या आशेनं आपल्याकडे बघत असतात. आणि दहाव्याला ते न चुकता हजर. कुणाचाही दहावा असो, ओळखीचा किंवा बिनओळखीचा, पहिल्या रांगेत मधली खुर्ची यांची. मी माईक हातात घेतो, आवाज खाली आणतो, मनमिळाऊ, परोपकारी, अजातशत्रू असं एकेक विशेषण लावत जातो आणि समोर या माणसाचे खांदे हलायला लागतात. एकदा तर मी पोकळीपर्यंत पोचलो आणि ते तोंडाला उपरणं लावून सरळ नदीकडे पळाले. नंतर मी त्यांना धारेवर धरलं. ते म्हणाले, गेलेला माणूस आता उठून बसला आणि त्यानं तुमचं भाषण ऐकलं तर काय म्हणेल, तेच तेवढं डोक्यात येतं. मी त्यांना त्या दिवशी इतकं बोललो की मेहुणी मध्ये पडली.

आता आमचे अण्णा. माझे वडील मनमिळाऊ नव्हते. भाताच्या चार खाचरांच्या बळावर त्यांनी उभं आयुष्य जगाशी भांडणात घालवलं. शेजारी शनिवार-रविवारचे बंगले झाले, तर बंगलेवाले दिवे चालू ठेवून जातात म्हणून हे कुंपणापाशी उभं राहून त्यांच्या कुत्र्यांना जाब विचारायचे. प्लॉट पाडणारा एक पुढारी जमीन मागायला आला आणि त्यानं जीप थेट भाताच्या रोपात घातली. अण्णांनी त्याच्याशी गोडीनं बोलत बोलत पाटाचं पाणी सोडलं आणि जीप चाकापर्यंत रुतवून ठेवली. बोलायच्या आधी ते तीनदा खाकरत, उजवा हात कानामागं नेत आणि मग जे सुटत ते सुटत. चुलीवरून उतरलेला वाफाळता चहा हातात दिला तरी पहिला घोट घेऊन म्हणत, “च्या गार हाय.” त्यांनी मला कधी जवळ घेतल्याचं आठवत नाही. पण शाळेच्या पहिल्या दिवशी गुरुजींनी मला छडी मारली तेव्हा अण्णा शाळेत जाऊन ती छडी घेऊन आले होते, हे मात्र आठवतं.

त्यांच्या शेवटच्या सकाळी मी पौडला एका दहाव्याला निघालो होतो. अण्णा दोन दिवस अंथरुणावर होते, पण तसं काही वाटत नव्हतं. कुठं निघालास, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, “जा. पोकळी बुजव जा.” मला राग आला आणि मी उत्तर न देता निघून गेलो. माईकवर असताना मी फोन बंद ठेवतो. तो चालू केला तेव्हा अण्णांना जाऊन तास झाला होता. माझी बायको चुलीपाशी होती, आणि अण्णांजवळ होते फक्त साडू, जे शिडी परत करायला म्हणून आले होते. परक्याच्या वडिलांचे गुण मी लोकांना सांगत होतो तेव्हा माझे वडील गेले. ही गोष्ट मी कुणापाशी बोललो नाही. दहा दिवस माझ्या डोळ्यांत पाणीही आलं नाही.

दहाव्याला घाट भरला होता. मी मुंडण करून ओल्या धोतरात पिंडांपाशी बसलो होतो, आणि माईक आमच्याच शाळेतल्या एका तरुण शिक्षकाकडे होता. त्यानं माझीच वाक्यं म्हणायला सुरुवात केली. अण्णा मनमिळाऊ झाले, मितभाषी झाले, अजातशत्रू झाले. मग तो जीपवाला पुढारी उठला आणि अण्णांनी आपल्याला पोटच्या मुलासारखी माया दिली, असं सांगून डोळे पुसू लागला. मला अण्णांचा चेहरा आठवेना. खरंच आठवेना. समोर होता तो कुणीतरी दुसराच म्हातारा, गोड, गरीब आणि खोटा. बापाला असं डोळ्यांदेखत पुसलं जाताना बघत होतो आणि ज्या शब्दांनी पुसत होते ते मीच गावाला शिकवले होते. मी घाबरून पहिल्या रांगेकडे पाहिलं. साडू हसत नव्हते. ते उठले, शिक्षकाच्या हातातून माईक घेतला आणि तीनदा खाकरले.

मग उजवा हात कानामागं नेऊन त्यांनी मान तिरकी केली. “कोन म्हनलं रं मला मनमिळाऊ? पुडं ये.”

पुढाऱ्याचा डोळे पुसणारा हात तिथंच थांबला.

“ए जीपवाल्या, मी तुला लेक मानलं व्हय? आन बापाच्या रोपात गाडी घालताना ध्यान कुटं हुतं तुजं?” बायकांच्या बाजूनं कुणाचं तरी हसू फुटलं. मग न्हाव्याचा वस्तरा बोथट निघाला, मांडवाच्या वाकड्या बांबूचा उद्धार झाला, चहा गार निघाला. लोक खुर्च्या धरून हसत होते. आणि मग त्या आवाजानं माझ्याकडे तोंड केलं. “आन ह्यो मास्तर. मी चाललो तवा दुसऱ्याच्या दहाव्याला गेलता. लई बरं झालं. घरात असता तर उशाशी भाषान ठोकलं असतं, आन मला दोन घंटं खोळंबून ऱ्हावं लागलं असतं.”

सगळा घाट हसला. मीही हसलो, आणि हसता हसता मला रडू फुटलं ते आवरेना. अण्णा समोर उभे होते. तोच तिरसटपणा, तीच मान. मी गेलो होतो हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना जमेल त्या एकाच पद्धतीनं त्यांनी ते मिटवून टाकलं होतं. साडूंनी माईक शिक्षकाच्या हातात दिला आणि ते जाऊन मधल्या खुर्चीवर बसले.

त्यानंतर दीड वर्ष मी त्यांच्याशी बोललो नाही. माझं दुखणं चारचौघांत काढलं म्हणून राग, विधीचा तमाशा केला म्हणून राग, असं मी बायकोला सांगत आलो. ते खोटं आहे. राग याचा आहे की बावीस वर्षं माईक हातात असून मी एकाही गेलेल्या माणसाला घटकाभरदेखील उभं केलं नाही. मी सगळ्यांना एकसारखं केलं आणि निरोप दिला. माझा बाप उठवायची पाळी आली तेव्हा ते काम हार्ड डिस्कवर शिकलेल्या एका बस ड्रायव्हरला करावं लागलं.

गेल्या रविवारी बायकोनं मला ओढून नांद्याला नेलं. मेहुणीचा गुडघा दुखावला होता, तेव्हा नाही म्हणता आलं नाही. दोघी आत गेल्या. बाहेरच्या खोलीत खिडक्यांना गोणपाट, टीव्हीवर टेबलावर झोपवलेला एक म्हातारा आणि कोचावर साडू. मी शेजारी बसलो. मग मी विचारलं, घाटावरचं ते शेवटचं वाक्य अण्णा त्या सकाळी खरंच बोलले होते, की ते तुमचं होतं?

साडूंनी टीव्हीवरची नजर काढली नाही. “मुडदा बोलतुया तवा त्यो कुनाचा आवाज, आसं इचारत्यात व्हय, गुर्जी?” एवढंच म्हणाले. मला पुन्हा राग आला. हो किंवा नाही म्हणायला या माणसाचं काय जात होतं?

तेवढ्यात पडद्यावरचा म्हातारा उठून बसला. त्याची मान तिरकी होती. तो तोंड उघडून काहीतरी बोलू लागला आणि मी सवयीनं साडूंच्या आवाजाची वाट पाहिली. ते गप्प होते. मी तीनदा खाकरलो. असं का केलं ते मला सांगता येणार नाही.

“च्या गार हाय,” मी म्हणालो.

आतून चहा घेऊन येणारी माझी बायको दारातच थांबली. साडू हसले नाहीत. उठलेल्या मुडद्याकडे बघून ते हसले नाहीत, असं इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी रिमोट उचलला, टीव्हीचा आवाज बंद केला आणि म्हणाले, “पुडचं बी तुमीच बोला.”

सिनेमा संपेपर्यंत मी बोलत होतो. अण्णांनी त्या म्हाताऱ्याला उठवणाऱ्या डॉक्टरला सोडलं नाही, त्याच्या बायकोला सोडलं नाही, आणि मलाही सोडलं नाही.