मामंजींसमोर तोंड उघडलं तेव्हा
अशी जवळ ये, दारात काय उभी राहतेस? आणि हे काय ऐकते मी? ऑपरेशनच्या कागदावर सही करून आलीस, आणि काय करणार विचारलं तर म्हणतेस, ‘डॉक्टरांना माहीत, आजी!’ शहाणीच आहेस.

बांगलादेशच्या लढाईचं साल. तुझे आजोबा सरहद्दीवर, जिवंत आहेत की नाही तेही कळेना. तुझी आई माझ्या पोटात आडवी आलेली. सासूबाई आधीच गेलेल्या, म्हणून मामंजींनीच मला तासगावच्या एका व्यापाऱ्याच्या ट्रकमधून सांगलीला दवाखान्यात आणलं. आमच्यात सून सासऱ्यासमोर बोलत नसे. लग्न झाल्यापासून मामंजींनी माझा आवाज ऐकलेला नव्हता.

डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. मामंजींनी अंगठ्याला शाई लावूनच ठेवलेली. “कुठं उठवू?”

“थांबा,” बाई म्हणाल्या. मला सगळं समजावलं आणि म्हणाल्या, “आता काय कळलं ते तुझ्या तोंडानं सांग. मी तेच लिहिणार.”

मी पदर दातात धरला. कळ आली की ओरडत होते, पण शब्द फुटेना.

“आवं, आमच्या सुना बोलत न्हाईत. मी हाय की!”

“पोट तुमचं फाडायचंय का, मामा?”

मामंजी म्हणाले, “पिशवी काढायची म्हंजी पोराला इचारायला पायजे. तार करतो.”

तार! लढाईत कुणाला मिळणार, उत्तर कोण देणार? लेकराची हालचाल मंद होत चाललेली. वाटलं, संपलं. आता आम्ही दोघी इथंच जाणार, रीत सांभाळत.

पदर सुटला.

“मामंजी, तार नको.” मग बाईंकडं बघून म्हटलं, “पोट फाडणार, लेकरू काढणार. रक्त न्हाई थांबलं तर पिशवी बी काढणार. मग मला परत मूल न्हाई. कळलंय मला. करा.”

बाई भराभरा लिहीत होत्या. मामंजींनी तोंड भिंतीकडं फिरवलेलं, शाईचा अंगठा तसाच वर. पाठमोरेच म्हणाले, “लिवलं का वं बाई? मग अंगठा घ्या की लौकर!”

पिशवी गेली. तुझी आई वाचली. पुढं किती रडले ते सोड. पण घरी आल्यावर मामंजी ओसरीवरून विचारायचे, “दूध पिलीस का गं?” आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे.

तेव्हा परत जा डॉक्टरांकडं. काय काढणार, काय ठेवणार, नीट विचार. आणि लगेच इकडं ये, इथं माझ्या शेजारी बस, आणि तुझ्या तोंडानं सांग मला सगळं. लवकर ये गं.